सीक्रेटचा वाक्यात उपयोग

हे सगळं मी सिंधुबाईंना विचारून लिहितो आहे. त्यांनी परवानगी दिली, पण एक अट घातली. म्हणाल्या, "सर, नाव बदलू नका. तुम्हाला ते जमत नाय."

त्यांचं बरोबर आहे. मला ते जमत नाही, हे आता मखमलाबादपासून रविवार कारंजापर्यंत बऱ्याच लोकांना ठाऊक झालंय.

मी किशोर खैरनार. नाशिकच्या एका शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर तीन महिने बायकोच्या बोलण्यातल्या इंग्रजी शब्दांचे उच्चार सुधारले. चौथ्या महिन्यात तिनेच माझ्यासाठी मखमलाबाद नाक्याजवळ, पिठाच्या गिरणीच्या वरची खोली शोधली आणि म्हणाली, "तिथे जाऊन शिकवा." असा माझा क्लास सुरू झाला. खाली गिरणी चालू झाली की खोलीची फरशी थरथरते, फळ्यावरचा खडू घसरतो आणि माझे विद्यार्थी मान डोलवताहेत असं वाटतं. पहिले काही दिवस मी त्याचं श्रेय स्वतःला देत होतो.

क्लासबरोबर मी मोबाइलवर 'रोज एक शब्द' नावाचा ग्रुपही चालवत होतो. रोज सकाळी सात वाजता एक इंग्रजी शब्द, त्याचे अर्थ आणि वाक्यात उपयोग. तीनशे बारा सभासद होते. माझी वाक्यं पुस्तकी नसतात, याचा मला फार अभिमान होता. 'राम आंबा खातो' छापाची वाक्यं मी आयुष्यात दिली नाहीत. मी जिवंत उदाहरणं द्यायचो. शेजारच्या कुलकर्ण्यांचं गॅस कनेक्शन, आमच्या मेव्हण्याचं मोडलेलं लग्न, सगळं माझ्या वाक्यांत येऊन गेलेलं होतं. नावं अर्थातच बदललेली.

माझी बायको प्रतिभा याला वेगळं नाव देते. ती म्हणते, "तुमच्या पोटात काही राहत नाही." तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती घरी येण्याआधीच दूधवाल्याला खड्यांची संख्या माहीत होती. एकोणीस. त्याने विचारलं म्हणून मी सांगितलं होतं. त्याने काय विचारलं होतं, तर उद्या दूध किती टाकू.

सिंधुबाई क्लासला आल्या त्या जूनमध्ये. वय पंचावन्न, पाचवारी साडी, हातात रिकामी टोपली आणि टोपलीच्या तळाला चिकटलेल्या गुलाबाच्या चार पाकळ्या. मखमलाबादला त्यांचा गुलाबाचा आणि शेवंतीचा मळा आहे. पहाटे फुलं तोडायची, गणेशवाडीच्या फूलबाजारात नेऊन द्यायची आणि नऊपर्यंत मोकळं व्हायचं, असा त्यांचा रिवाज. त्यांनी आधी दार लोटून घेतलं आणि मग बोलल्या.

"सर, मला दहावीचं इंग्रजी शिकायचंय. पण कोणाला कळता कामा नये."

"यात लपवण्यासारखं काय आहे? या वयात शिकणं म्हणजे कौतुकाची गोष्ट आहे."

"कौतुक होईल म्हणूनच तर लपवायचंय," त्या म्हणाल्या. "मी दहावी पास हाय."

मला काही उलगडेना. मग त्यांनी सांगितलं. शहाऐंशी साली त्या दहावीला बसल्या आणि इंग्रजीत सत्तावीस मार्क मिळून नापास झाल्या. पुढच्या वर्षी स्थळ आलं. त्यांच्या वडलांनी पाहुण्यांना सांगितलं, "पोरगी मॅट्रिकला बसलेली हाय." सासरच्यांनी 'बसलेली'चं 'झालेली' केलं. वडलांनी दुरुस्ती केली नाही, आणि लग्नानंतर सिंधुबाईंनीही केली नाही. त्या काळात त्या वस्तीवर मॅट्रिक झालेली ती एकटीच सून. कोणाचं पत्र आलं की वाचायला तिच्याकडे, कुठला फॉर्म भरायचा तर तिच्याकडे. पुढे बायकांचा बचत गट झाला तेव्हा सेक्रेटरी तीच. अडतीस वर्षं हे असंच चालून गेलं. आता नवीन घर बांधलं, आणि त्यांच्या सूनबाईंनी, मीनाने, पुढच्या खोलीत सगळ्यांची सर्टिफिकिटं फ्रेम करून लावायचं ठरवलं. मुलगा दिनेश एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आहे, त्याचा डिप्लोमा लागला. मीना एका बालवाडीत शिकवते, तिची पदवी लागली. मग ती म्हणाली, "आई, तुमचं मॅट्रिकचं द्या."

"मी म्हटलं, माहेरी ट्रंकेत हाय. आता ट्रंकेत ते यायला पाहिजे ना, सर. सालावर फ्रेमची पट्टी बसवू."

म्हणून त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसायचं ठरवलं होतं. पुन्हा सगळे विषय द्यायचे. बाकीच्या विषयांचं भय नव्हतं. मराठी आणि इतिहास त्या फुलं बांधता बांधता पाठ करणार होत्या. भय होतं ते इंग्रजीचंच.

"घरी काय सांगून येणार?"

"बचत गटाची मीटिंग."

"रोज?"

"आमचा गट लय कामाचा हाय," त्या म्हणाल्या.

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला की हे माझ्यातच राहील. वर आणि ज्ञानही पाजळलं. म्हटलं, "तुम्ही सेक्रेटरी आहात ना? त्या शब्दात सीक्रेटच आहे. पूर्वी सेक्रेटरी म्हणजे ज्याच्यापाशी गुपितं ठेवायची तो माणूस."

"मंग सेक्रेटरी म्हणून तुम्ही चालाल का?" असं त्यांनी विचारलं. मला ती स्तुती वाटली.

जाता जाता त्या आणखी एक गोष्ट बोलल्या, आणि तीच मी नीट ऐकायला हवी होती. म्हणाल्या, "तुमचं नाव मला सूनबाईमुळं कळलं. तुमचा तो शब्द ती रोज संध्याकाळी चहाच्या वेळी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवते. मराठीत अर्थ पण सांगते. लय छान असतात तुमची वाक्यं." यातलं 'लय छान' एवढंच माझ्या लक्षात राहिलं. बाकीचं वाक्य त्याच क्षणी डोक्यातून गेलं.

सिंधुबाईंसारखी विद्यार्थिनी मला एकतीस वर्षांत मिळाली नव्हती. त्या शब्द पाठ करत नसत, त्याला धरून विचार करत. 'मे' आणि 'माइट' मधला फरक सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे नवरा बाजारात गेला तर मे, आणि भाजी आणीन म्हणाला तर माइट." दिवाळीपर्यंत त्या छोटे उतारे वाचू लागल्या. तरी त्यांची एक अडचण होती. इंग्रजी वाक्य ऐकलं की आधी मनात मराठी करायच्या आणि मग त्यांना अर्थ लागायचा. मी म्हणायचो, "एक दिवस येईल, वाक्य कानावर पडेल आणि थेट आत जाईल. मध्ये मराठी लागणारच नाही."

तो दिवस मीच आणला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी ग्रुपवर 'सीक्रेट' हा शब्द घेतला. एक दिवस पुरणार नाही म्हणून आठवडाभर चालवला. सोमवारी उच्चार: शिक्रेट नाही, सीक्रिट. मंगळवारी सीक्रेट, प्रायव्हेट आणि कॉन्फिडेन्शियल यांतला फरक. लिहिलं की बाथरूमचं दार आपण लावून घेतो ते प्रायव्हेट. आत काय चाललंय हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त बघायचं नसतं. लाडवांचा डबा कपाटामागे ठेवतो ते सीक्रेट. तो आहे हेच कोणाला कळू द्यायचं नसतं. आणि डॉक्टरला आपण सांगतो ते कॉन्फिडेन्शियल; ते गप्प ठेवायची जबाबदारी ऐकणाऱ्याची. या तीन वाक्यांना एकशे चार अंगठे आले. मी दिवसभर मोजत होतो.

एकशे चार अंगठ्यांनी माणसाचं काय होतं ते मला बुधवारी कळलं. बुधवारचा मुद्दा होता, 'सीक्रेट'नंतर कोणता शब्द लावायचा. बहुतेक लोक 'टू' लावतात. लावायचा असतो 'फ्रॉम'. एखादी गोष्ट कोणापासून लपवली तर 'सीक्रेट फ्रॉम'. आता याला उदाहरण हवं होतं. लाडवांचा डबा झालेला होता. त्याहून सरस काहीतरी हवं होतं, आणि ते माझ्याकडे सहा महिन्यांपासून तयार पडलेलं होतं.

मी काळजी घेतली, हे सांगितलं पाहिजे. सिंधुबाईंचं 'सुनंदा' केलं. मखमलाबादचं 'नाशिकजवळचं एक गाव' केलं. मग वाक्य लिहिलं: सुनंदा, नाशिकजवळच्या एका गावात गुलाबाचा मळा असलेली, बचत गटाची सेक्रेटरी, हिने आपला दहावीचा निकाल अडतीस वर्षं नवऱ्यापासून सीक्रेट ठेवला. इंग्रजीत ते फारच डौलदार झालं होतं. मी ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि पाठवलं.

त्या संध्याकाळचं मला मीनाने नंतर सांगितलं. घरात चहा झाला होता. सिंधुबाई पायरीवर बसून शेवंतीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांचे यजमान फकिराभाऊ बाजेवर होते. मीनाने नेहमीप्रमाणे मोबाइल काढून वाक्य मोठ्याने वाचलं, आधी इंग्रजीत. ती मराठी सांगायला तोंड उघडणार, तोच जुडी सिंधुबाईंच्या हातातून सुटली. सूनबाईचं मराठी व्हायच्या आत वाक्य त्यांच्या आत पोचलं होतं. माझ्या अध्यापनाचं इतकं मोठं यश मी दुसरं पाहिलेलं नाही.

मीनाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती थांबली. पण फकिराभाऊ म्हणाले, "मराठीत सांग की." मग तिला काही सुचेना, आणि तिने सांगून टाकलं. फकिराभाऊ उठले, खाली पडलेली शेवंती गोळा केली आणि बायकोला म्हणाले, "एवढं काय त्यात. मला ठाऊक हाय ते."

त्यांना वाटलं, यानं बरं वाटेल.

सिंधुबाईंनी विचारलं, "कधीपासून?"

"लग्न झालं त्याच्या दुसऱ्या साली."

आणि मग ते सगळं निघालं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी वस्तीवर अंगणवाडी सुरू होणार होती. मॅट्रिकचा दाखला असलेल्या बाईला सेविका म्हणून आधी घेणार होते. बायकोला ही नोकरी मिळावी म्हणून फकिराभाऊ तिला न सांगता तिच्या माहेरच्या शाळेत दाखला आणायला गेले. तिथल्या कारकुनाने रजिस्टर उघडून दाखवलं. ते परत आले, आणि घरी एवढंच म्हणाले की ती जागा भरली गेली. ती जागा अक्काबाईला मिळाली. अक्काबाई म्हणजे शेजारच्या मळ्यातली, सिंधुबाईंच्याच वयाची, सातवी शिकलेली. सिंधुबाईंना कायम वाटत आलं की अक्काबाईने वशिला लावून आपली जागा घेतली. त्यानंतर त्यांनी तिच्या घरचा चहा घेतला नाही. सदतीस वर्षं.

सिंधुबाईंनी हे ऐकून घेतलं आणि जुड्या बांधायला बसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या नवऱ्याशी कामापुरतं बोलू लागल्या आणि क्लासला यायच्या बंद झाल्या.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, सर्दी झाली असेल. शनिवारी मीनाचा फोन आला. तिने सगळं सांगितलं, चढ्या आवाजात नाही, पण एकही तपशील न गाळता. शेवटी म्हणाली, "सर, परीक्षा सहा आठवड्यांवर आलीये. आईंनी पुस्तकं कपाटावर टाकलीत." फोन ठेवला तेव्हा प्रतिभा समोर उभी होती. तिने फक्त विचारलं, "कोणाचं सांगितलंत?"

मी सांगितलं. तिने माझी चप्पल दारासमोर आणून ठेवली.

मखमलाबादला स्कूटरवरून जाताना मी वाटेत माफीचं भाषण तयार केलं. त्यात तीन मुद्दे होते. मळ्याच्या बांधावर फकिराभाऊ भेटले. उंच, शांत माणूस, डोक्याला पंचा. मला वाटलं होतं ते रागावतील. ते म्हणाले, "या सर. तिकडं हाय ती. माझ्याशी बोलत नाय, तुमच्याशी बोलली तर मला सांगा काय म्हणती."

सिंधुबाई गुलाबाच्या ओळीत होत्या. कात्री चालू होती. मी पहिला मुद्दा सुरू केला. त्यांनी तो पूर्ण होऊ दिला नाही.

"सर, एक शंका हाय," त्या म्हणाल्या. "मंगळवारी तुम्ही तीन शब्दांचा फरक शिकवला व्हता. मी घरच्यांपासून लपवलं, ते सीक्रेट. बरोबर?"

"बरोबर."

"आणि तुम्हाला दार लावून सांगितलं, ते काय?"

मी गप्प राहिलो. मी गप्प राहण्याचा हा माझ्या माहितीतला पहिला प्रसंग.

"कॉन्फिडेन्शियल," त्याच म्हणाल्या. उच्चार अचूक होता. "तुम्ही लिहिलं व्हतं, जबाबदारी ऐकणाऱ्याची. लिहिलं मंगळवारी, आणि बुधवारी असं केलं. मला वाटलं, माणूस शिकवतो ते त्याला येत असंल."

मी म्हटलं, "मला इंग्रजी येतं, सिंधुबाई. बाकीचं येत नाही, हे खरं आहे. माझं चुकलं. वाक्य चांगलं होतंय म्हणून मी ते पाठवलं. दुसरं कारण नाही." एवढंच बोललो. तीन मुद्द्यांचं भाषण तसंच राहिलं.

त्यांनी दोन-चार फुलं कापली. मग म्हणाल्या, "मी नापास हाय याचं मला एवढं काय नाय. पण ह्यांना ठाऊक व्हतं. सासूबाई पाव्हण्यांना सांगायच्या, आमची सून मॅट्रिक, तेव्हा मी मान वर करून बसायचे. आणि हे शेजारीच बसलेले असायचे. मला लाज वाटू नये म्हणून गप बसले, म्हणतात. आता अडतीस वर्षांची लाज एकदम वाटती, त्याचं काय करू? आणि त्या अक्काबाईचं काय करू?"

मी तिथेच बांधावर बसलो. त्यांनीही मला जा म्हटलं नाही. शेवटी त्यांनी कात्री कमरेला खोवली आणि म्हणाल्या, "सोमवारी येते. पत्रलेखन ऱ्हायलंय. पण परीक्षा होईपर्यंत वाक्यं मी देणार. तुम्ही फक्त चुका काढायच्या."

मी तो ग्रुप त्याच दिवशी बंद केला. तीनशे बारांपैकी नऊ जणांनी चौकशी केली. त्यातले चौघे मला दुसरंच कोणी समजत होते.

पुढच्या आठवड्यात सिंधुबाई अक्काबाईकडे गेल्या. फकिराभाऊंना बरोबर नेलं, म्हणजे बोलून नव्हे. नुसत्या पुढे चालू लागल्या आणि ते मागून गेले. अक्काबाई आता अंगणवाडीतून निवृत्त झालेली. सिंधुबाईंनी उंबऱ्यावर उभं राहूनच सांगितलं की तुझ्यावर माझा विनाकारण राग होता. अक्काबाई म्हणाली, "मला आपलं वाटायचं, माझ्या हातचा चहा गोड होतो म्हणून तू पीत नाय. म्हणून मी साखर कमी करत गेले." त्या दिवशी तिघांनी चहा घेतला. चहा अगदीच अगोड होता, असं फकिराभाऊ म्हणाले, आणि त्यावर सिंधुबाई हसल्या. नवरा-बायकोचं बोलणं तिथून हळूहळू सुरू झालं. पूर्ववत झालं असं मी म्हणणार नाही. मीना सांगते की सिंधुबाई आता मधूनच काम थांबवून नवऱ्याला विचारतात, "आणखी काय ठाऊक हाय तुम्हाला?" ते म्हणतात, "काय नाय." त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्या त्या दिवशी ठरवतात.

क्लासमध्ये सिंधुबाई आता दार उघडं ठेवून बसू लागल्या. वस्तीवरच्या बायकांना कळलं तेव्हा दोघी-तिघी हसल्या. नवसाबाई नावाच्या एकीने विचारलं की मग इतकी वर्षं आमचे फॉर्म कोणी भरले. सिंधुबाईंनी सांगितलं, "नापास बाईनं. एक तरी परत आला का?" तो विषय तिथे मिटला.

इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी फकिराभाऊंनी त्यांना मोटारसायकलवरून केंद्रावर सोडलं. मीही गेलो होतो. गेटवर सगळी पंधरा-सोळा वर्षांची मुलं-मुली आणि त्यांच्यात गुलाबी काठाची साडी नेसून सिंधुबाई. एका मुलीने त्यांना विचारलं, "मॅडम, आमचा ब्लॉक कुठे आहे?" त्यांनी भिंतीवरच्या यादीत तिचा नंबर शोधून दिला आणि मग स्वतःचा शोधला. तीन तास मी आणि फकिराभाऊ समोरच्या रसाच्या गाड्यापाशी बसलो. मी त्यांना विचारलं, एवढी वर्षं हे पोटात कसं ठेवलंत. ते म्हणाले, "ठेवायचं काय त्यात? बोललो नाय." मला ही पद्धत सुचलेलीच नव्हती.

निकाल मे महिन्यात दुपारी एकला लागला. सव्वाला सिंधुबाईंचा फोन आला.

"सर, पास झाले. सगळ्या विषयात."

"इंग्रजीत किती?"

"ते सांगणार नाय," त्या म्हणाल्या. "घरात माहीत हाय. बाकी कोणाला नाय." आणि त्यांनी फोन ठेवला.

एकतीस अधिक एक वर्षांची नोकरी, आणि माझ्या सर्वांत चांगल्या विद्यार्थिनीचे इंग्रजीचे मार्क मला माहीत नाहीत. पण त्यांचं हॉलतिकीट मी पाहिलेलं होतं. नंबर पाठ होता. आईचं नाव चिमणाबाई, तेही ठाऊक होतं. निकाल बघायला तेवढं पुरतं. मी मोबाइल काढला, नंबर टाकला, चिमणाबाई टाकलं. मी स्वतःला आवरलं, असं इथे लिहायला मला फार आवडलं असतं. पण मोबाइलची बॅटरी संपली. चार्जर शोधला, तर तो प्रतिभाच्या हातात होता. ती चार्जर घेऊन स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी सिंधुबाई आणि फकिराभाऊ पेढे घेऊन आले. सोबत गुलाबांची जुडी होती. प्रतिभाने चहा केला. सिंधुबाई अकरावीच्या प्रवेशाबद्दल विचारत होत्या. कला शाखा घ्यावी की वाणिज्य. मी कला म्हटलं. फकिराभाऊ म्हणाले, तिला जे घ्यायचं ते ती घेईल. प्रतिभाने लावून ठेवलेला मोबाइल शेजारच्या टेबलावर पूर्ण चार्ज होऊन पडला होता. मी पेढा खाल्ला, दुसराही खाल्ला आणि अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात काय काय असतं ते त्यांना सांगत बसलो.